खोलगट छाती आणि वाढते मूल
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनी गाणी, नाट्यछटा आणि फराळ यांच्या जोडीला एखादे उपयुक्त व्याख्यान ठेवावे, अशी आपल्या मंडळाची प्रथा आहे. यंदा तो मान माझ्याकडे आला. चिटणीसबाई निमंत्रण घेऊन आल्या तेव्हा त्यांनी ‘मुलांचे आरोग्य’ असा विषय सुचवला होता. पण हा विषय म्हणजे समुद्र. पाऊण तासात त्यातले ओंजळभर पाणीही हाती लागायचे नाही. म्हणून मी त्यातला एकच छोटा विषय घेतला आहे. काही मुलांची छाती मधोमध आत गेलेली असते. त्या छातीविषयी आणि ती सरळ करण्याच्या एका नव्या तऱ्हेच्या शस्त्रक्रियेविषयी मी आज बोलणार आहे.

हा विषय का निवडला, तेही सांगते. मी लहान मुलांची डॉक्टर आहे, शस्त्रवैद्य नव्हे. सर्दी, ताप, गोवर, जुलाब यांसाठी आया दवाखान्यात येतात, मोकळेपणाने बोलतात. पण मुलाच्या छातीला खळगा असला, तर तपासणी संपल्यावर, चपला घालता घालता, हळू आवाजात विचारतात, ‘डॉक्टरीणबाई, याच्या छातीचे हे असेच राहणार का हो?’ जी गोष्ट हळू आवाजात विचारली जाते, ती एकदा मोठ्याने बोललेली बरी, असे मला वाटते.

आधी ही छाती म्हणजे काय ते पाहू. आपल्या छातीच्या पिंजऱ्यात बरगड्यांच्या बारा जोड्या असतात. मागे त्या पाठीच्या कण्याला जोडलेल्या असतात. पुढे छातीच्या मध्यभागी एक चपटे हाड असते, त्याला उरोस्थी म्हणतात. बरगडीचे हाड थेट या उरोस्थीपर्यंत पोचत नाही. मधला तुकडा कूर्चेचा असतो. कूर्चा म्हणजे आपल्या कानाच्या पाळीच्या वर हाताला लागते तसला, वाकणारा, लवचिक भाग. काही मुलांत या कूर्चांची वाढ वेडीवाकडी होते आणि त्या उरोस्थीला आत ढकलतात. मग छातीच्या मध्ये, बहुधा खालच्या अर्ध्या भागात, वाटी ठेवता येईल असा खळगा पडतो. जर्मन लोक याला ‘नरसाळ्याची छाती’ म्हणतात. ‘चांभाराची छाती’ असेही एक जुने नाव युरोपात होते. जोड्याचा साचा छातीला टेकवून काम केल्याने असा खळगा पडतो, अशी त्या काळी समजूत होती. ती समजूत खोटी. हा दोष धंद्याने येत नाही, तो मूळचाच असतो.

पाश्चात्य देशांतल्या वैद्यकीय पुस्तकांत दर ३०० ते ४०० जन्मांमागे एक, असे याचे प्रमाण दिलेले असते. मुलींपेक्षा मुलांत तो तीन ते पाच पट अधिक आढळतो. पुष्कळदा घराण्यात आणखी कोणाला तरी असतो. मामाला असेल, आजोबांना असेल, पण सदऱ्याखाली कोण पाहणार! काही थोड्या मुलांत तो दुसऱ्या एखाद्या विकाराचा भाग असतो. मूल फार उंच, हातपाय आणि बोटे फार लांब, डोळ्यांचा नंबर मोठा, अशी ठेवण असेल तर मार्फान नावाच्या विकाराची शंका घ्यावी लागते. मग हृदयाची आणि डोळ्यांची तपासणी आवश्यक ठरते. पाठीचा कणा वाकडा आहे का, तेही पाहावे लागते.

येथे काही गैरसमज दूर करते. गरोदरपणी आई कोणत्या कुशीवर निजली, ग्रहणात तिने काय केले, डोहाळ्यांत काय खाल्ले, यांचा या खळग्याशी काडीमात्र संबंध नाही. त्यामुळे सुनेला बोल लावण्याचे कारण नाही. बाळाला अंघोळीपूर्वी तेल चोळणे चांगलेच, त्याने बाळाला गाढ झोप लागते. पण चोळून हा खळगा वर येत नाही. जोर लावून दाबण्याच्या फंदात तर मुळीच पडू नये. मोठ्या मुलांनी जोर-बैठका काढल्या तर दंड भरतात, छातीचे स्नायू भरतात, पोक जाते आणि मूल ताठ चालू लागते. हे सगळे हवेच आहे. हाड मात्र त्याने जागचे हलत नाही.

आणखी एक फरक लक्षात ठेवा, कारण तो जिवावरचा आहे. तान्ह्या बाळाला खोकला-ताप आहे, श्वास भराभर चालला आहे आणि दर श्वासाला बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात आहे, असे दिसले तर तो आजचा विषय नव्हे. तो न्यूमोनिया असू शकतो. जुन्या बायका त्याला डबा म्हणत आणि पोटावर डाग देत. तेव्हा एक क्षणही न दवडता दवाखाना गाठावा. आज मी ज्या खळग्याविषयी बोलते आहे, तो ताप असो वा नसो, जागेपणी आणि झोपेत, कायमच असतो.

तो पुष्कळदा जन्मापासून दिसतो, पण लहानपणी कोणाला त्याचे काही वाटत नाही. मूल उघडेवाघडे खेळत असते. पुढे बाराव्या-तेराव्या वर्षी उंची झपाट्याने वाढू लागते आणि त्याबरोबर खळगाही खोल होत जातो. दुर्दैवाने मुलाला आरशात स्वतःकडे पाहण्याचे भान येते तेही याच वयात. माझ्याकडे एक मुलगा येई. तो पोहण्याच्या तलावावर जाईना, कबड्डीच्या संघातून त्याने नाव काढून घेतले, आणि घरच्यांनी मुंजीचा विषय काढला की रडून गोंधळ घाली. धर्मकर्माची नावड आहे म्हणून वडील रागावत. खरे कारण एवढेच होते, की मुंजीत चारचौघांसमोर उघड्या अंगाने बसावे लागते. हे कारण त्याने आईलाही सांगितले नव्हते. मला सांगितले ते खोलीत आम्ही दोघेच असताना, आणि मी विचारले म्हणून.

मुलींची अडचण आणखी निराळी. त्यांचा खळगा कपड्यांत झाकला जातो, म्हणून घरच्यांना वाटते की प्रश्नच नाही. वयात येताना छातीची ठेवण दोन्ही बाजूंना सारखी दिसत नाही, त्याची मुलीला लाज वाटते, आणि ती बोलणार कोणाशी? आई बोलते ती एकदम लग्नाच्या वेळी. मला असे सांगावेसे वाटते, की लग्नाचा विचार बाजूला ठेवून मुलीला तिच्या वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षीच विचारावे.

दिसण्याचे झाले, आता शरीराच्या कामाचे पाहू. खळगा उथळ असेल तर काहीही बिघडत नाही. अशी माणसे धावतात, डोंगर चढतात आणि ऐंशी वर्षे जगतात. पण खळगा खोल असेल तर उरोस्थी मागच्या हृदयावर दाब देते. हृदय थोडे डावीकडे सरकते, त्याच्या उजव्या कप्प्यांना फुगायला जागा अपुरी पडते आणि फुप्फुसांची जागाही कमी होते. बसल्या जागी मुलाला काही त्रास होत नाही. परंतु शर्यतीत, जिने चढताना, खेळाच्या दुसऱ्या डावात ते बरोबरीच्या मुलांआधी दमते. घरचे त्याला आळशी म्हणतात.

आता इलाजाकडे वळू. या छातीवर शस्त्रक्रिया करण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या आरंभापासून चालू होते. पण पद्धत म्हणून रूढ झाली ती अमेरिकन शस्त्रवैद्य मार्क रॅव्हिच यांची. त्यांनी ती १९४९ साली प्रसिद्ध केली. तीत छातीवर पुढून मोठा छेद घ्यावा लागे. वाकड्या वाढलेल्या कूर्चा काढून टाकायच्या, उरोस्थी आडवी कापून वर उचलायची आणि तशी बसवायची. चांगल्या हातांनी केलेली ही शस्त्रक्रिया आजही उपयोगी आहे आणि काही रुग्णांना तीच योग्य ठरते. पण पुढे काय झाले, की जितक्या लवकर तितके बरे, या समजुतीने अगदी चार-पाच वर्षांच्या मुलांवरही ती होऊ लागली. काहींच्या कूर्चा फार मोठ्या प्रमाणात काढल्या गेल्या. त्या मुलांचे हातपाय वाढले, उंची वाढली, पण छातीचा पिंजरा वाढेना. जिथून वाढ व्हायची तेच अंग काढून टाकले होते. १९९६ साली बाल्टिमोरचे शस्त्रवैद्य हॅलर आणि त्यांचे सहकारी यांनी अशा मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. फार लवकर आणि फार व्यापक शस्त्रक्रिया झाल्याने ज्यांची छाती आवळल्यासारखी राहिली आणि ज्यांना श्वासाचा त्रास जडला, अशी ती मुले होती. वाढत्या मुलावर इलाज करताना त्याची वाढ विसरून चालत नाही, हा धडा वैद्यांना त्यातून मिळाला.

नवी पद्धत निघाली ती अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, नॉरफोक या बंदराच्या गावी. तिथल्या मुलांच्या रुग्णालयाचे नाव आहे ‘चिल्ड्रन्स हॉस्पिटल ऑफ द किंग्ज डॉटर्स’. या ‘राजकन्या’ कोण, हे आपल्या मंडळाला सांगण्याजोगे आहे. १८८६ साली न्यूयॉर्कमध्ये मार्गारेट बॉटम यांच्या घरी दहा स्त्रिया जमल्या आणि त्यांनी सेवेसाठी एक ख्रिस्ती महिलासंघ काढला. त्याच्या शाखा गावोगावी निघाल्या. नॉरफोकच्या स्त्रियांनी १८९६ साली आपल्या गावातल्या शाखांची एकजूट केली आणि गोरगरिबांच्या घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांची सोय केली. त्या कामातून पुढे मुलांचा दवाखाना आणि १९६१ साली मुलांचे रुग्णालय उभे राहिले. आपल्यासारख्याच वर्गणी गोळा करणाऱ्या, सभा भरवणाऱ्या बायकांनी लावलेले ते झाड. पंचवीस-सव्वीस वर्षांनी त्याला हे एक फळ आले.

त्या रुग्णालयात डोनाल्ड नस नावाचे मूळचे दक्षिण आफ्रिकेचे बालशल्यवैद्य होते. त्यांनी विचार केला तो अगदी साध्या गोष्टींवरून. पहिली गोष्ट, मुलांची छाती इतकी मऊ आणि लवचिक असते, की अपघातात मार बसला तरी बरगड्या सहसा मोडत नाहीत, दबून पुन्हा वर येतात. दुसरी गोष्ट, म्हाताऱ्या माणसांना दम्यासारखा जुनाट फुप्फुसविकार झाला की त्यांची छाती पिंपासारखी गोल होते. म्हणजे उतारवयातसुद्धा छातीचा आकार बदलतो. आणि तिसरी गोष्ट, वाकडे दात आपण तार लावून सरळ करतो, वाकडे पाऊल प्लास्टर घालून सरळ करतो, वाकड्या कण्याला पट्टा लावतो. मग छातीच्याच बाबतीत कापून टाकण्याची घाई का? आतून आधार देऊन हळूहळू वळण का लावू नये?

या विचाराने १९८७ साली त्यांनी पहिली शस्त्रक्रिया केली. लगेच गाजावाजा केला नाही. दहा वर्षे मुलांवर लक्ष ठेवले. १९९७ साली बालशल्यवैद्यांच्या सभेत आपला अनुभव मांडला आणि १९९८ साली तो छापला. त्या लेखातले आकडे मला फार बोलके वाटतात. दहा वर्षांत खोलगट छातीचे १२७ रुग्ण त्यांच्याकडे आले. त्यांतले शस्त्रक्रियेसाठी निवडले फक्त ५०. आठ मोठ्या वयाच्या रुग्णांवर जुनी रॅव्हिचची पद्धत वापरली, आणि पंधरा वर्षांखालच्या ४२ मुलांवर नवी. ज्याने स्वतः नवी युक्ती शोधली, त्यानेही आलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक रुग्णांवर शस्त्र चालवले नाही, हे आईबापांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. ज्या ३० मुलांच्या छातीतली पट्टी तोवर काढून झाली होती, त्यांच्यापैकी २२ जणांचा परिणाम उत्तम, ४ जणांचा चांगला, दोघांचा बेताचा आणि दोघांचा वाईट, असे त्यांनी प्रांजळपणे लिहिले. अपयशाची कारणेही दिली. सुरुवातीच्या काही पट्ट्या मऊ निघाल्या आणि वाकल्या, हे त्यांतले मुख्य कारण.

ही शस्त्रक्रिया कशी करतात, ते आता सांगते. घाबरू नका, ऐकायला कठीण वाटले तरी कल्पना आपल्या घरातलीच आहे. मुलाला पूर्ण भूल देतात. छातीच्या दोन्ही बाजूंना, काखेच्या खाली, लहान छेद घेतात. पुढून छातीवर मोठा छेद नाही. एका बारीक छिद्रातून दुर्बीण आत घालतात, म्हणजे पुढची प्रत्येक हालचाल पडद्यावर दिसते. पहिल्या काही वर्षांत ही दुर्बीण वापरत नसत. ती आली तेव्हापासून काम अधिक निर्धोक झाले. मग एक लांब वाकडी सळई एका बाजूने आत घालून, उरोस्थीच्या मागून आणि हृदयाच्या पुढून, हळूहळू दुसऱ्या बाजूला काढतात. सगळ्यात नाजूक भाग हाच. सळईच्या टोकाला फीत बांधून ती फीत ओढून घेतात आणि फितीमागून पोलादी पट्टी ओढतात. आपण परकराच्या नेफ्यात पिनेला बांधून नाडी ओवतो, तसाच हा प्रकार.

ही पट्टी त्या मुलाच्या छातीच्या मापाने आधीच कमानीसारखी वाकवलेली असते. आत ओढताना कमानीचा फुगवटा पाठीकडे असतो. पट्टी जागेवर आली, की ती जागच्या जागी उलटी फिरवतात. बादलीची एका बाजूला पडलेली कडी आपण दुसऱ्या बाजूला उलटवतो, तशी. फुगवटा पुढे येतो आणि त्याबरोबर आत गेलेली उरोस्थी वर उचलली जाते. खळगा तिथल्या तिथे भरून निघालेला दिसतो. मग पट्टीची टोके बरगड्यांजवळ पक्की करतात, कधी दोन पट्ट्या घालाव्या लागतात, आणि छेद शिवतात. कूर्चा काढत नाहीत, हाड कापत नाहीत. नस यांच्या पहिल्या मालिकेत रक्त गेले ते सरासरी १५ मिलिलिटर, म्हणजे तीन चहाचे चमचे.

लहान छेद म्हणजे लहान शस्त्रक्रिया, असे मात्र समजू नका. या बाबतीत मी आयांना आधीच स्पष्ट सांगते. व्रण लहान असतो, पण दुखणे लहान नसते. वर्षानुवर्षे आत गेलेली छाती एका तासात वर उचलली, की सगळ्या बरगड्या ठणकतात. मुलगा जितका मोठा तितके दुखणे अधिक. पूर्वी पाठीत बारीक नळी ठेवून वेदनाशामक औषध देत आणि चार-पाच दिवस रुग्णालयात राहावे लागे. अलीकडे पुष्कळ ठिकाणी शस्त्रक्रियेच्या वेळीच बरगड्यांखालच्या नसा अतिशीत सळईने गोठवतात. त्यामुळे छाती काही महिने बधिर राहते, दुखणे बरेच कमी होते आणि मूल एक-दोन दिवसांत घरी येऊ शकते. नंतर नसा पूर्ववत होतात.

घरी आल्यावर काही आठवडे आईचीच कसोटी. मुलाने उताणे झोपायचे, उठताना कोणीतरी पाठीला हात द्यायचा. सुमारे सहा आठवडे कमरेत वाकायचे नाही, अंग पिळायचे नाही, जड उचलायचे नाही. पाहुणे आले तर वाकून नमस्कार करायला लावू नका, हात जोडले तरी आशीर्वाद पोचतो. दप्तर भावंडाने न्यावे. चालणे आणि दीर्घ श्वासाचे व्यायाम मात्र पहिल्या दिवसापासून हवेत. शाळा साधारण तीन-चार आठवड्यांनी, आणि धक्काबुक्कीचे खेळ तीन महिन्यांनंतर, तेही शस्त्रवैद्यांनी होकार दिल्यावर.

पट्टी आत किती दिवस राहते? सुरुवातीला दोन वर्षांनी काढत. आता बहुधा तीन वर्षे ठेवतात. तेवढ्या काळात छातीला नवे वळण पक्के होते. मग त्याच जुन्या व्रणांतून पट्टी काढतात आणि मूल पुष्कळदा त्याच दिवशी घरी जाते. पट्टी आत असेपर्यंत मुलाने तसे लिहिलेले कार्ड जवळ ठेवावे. कधी बेशुद्ध पडण्याचा प्रसंग आला आणि छाती दाबून हृदय चालू करावे लागले, तर छाती नेहमीपेक्षा जोराने दाबावी लागते, हे मदत करणाऱ्याला कळले पाहिजे.

धोकेही सांगितलेच पाहिजेत. पट्टी सरकू शकते आणि पुन्हा बसवावी लागते. जखमेत पू होऊ शकतो. फुप्फुसाभोवती हवा साठू शकते. काहींना पोलादातल्या निकेल धातूची ॲलर्जी असते. खोट्या दागिन्यांनी, घड्याळाच्या पट्ट्याने ज्यांच्या अंगाला पुरळ येते, त्यांनी हे आधी सांगावे, म्हणजे टायटॅनियमची पट्टी वापरता येते. पट्टी काढल्यावर खळगा थोडाफार परत येण्याची शक्यता असते. आणि अगदी क्वचित, पट्टी घालताना किंवा काढताना हृदयाला इजा होऊन प्राणावर बेतल्याचीही नोंद आहे. म्हणून ही शस्त्रक्रिया ज्यांनी अनेकदा केली आहे त्यांच्याच हाती, आणि हृदयशस्त्रक्रियेची मदत हाकेच्या अंतरावर आहे अशाच ठिकाणी करावी. आपल्याकडेही मोठ्या शहरांत ती होते. विचारायला संकोच करू नका, ‘आपण अशा किती केल्या?’ चांगला शस्त्रवैद्य या प्रश्नाने रागावत नाही.

मग शस्त्रक्रिया कोणावर करावी आणि केव्हा? मघाशी ज्यांचे नाव घेतले त्या हॅलर यांनी सहकाऱ्यांबरोबर १९८७ साली एक सोपे माप सुचवले. सी.टी. स्कॅनवर छातीची आतली रुंदी मोजायची, आणि जिथे खळगा सर्वांत खोल आहे तिथे उरोस्थीपासून कण्यापर्यंतचे अंतर मोजायचे. रुंदीला त्या अंतराने भागायचे. साधारण छातीत उत्तर अडीचच्या आसपास येते. सव्वातीनच्या वर गेले तर खळगा तीव्र समजतात. समजा, रुंदी २६ सेंटिमीटर आहे आणि अंतर आठच सेंटिमीटर, तर उत्तर नेमके सव्वातीन. पण एवढ्या एका आकड्यावर निर्णय करत नाहीत. हृदयाची सोनोग्राफी, श्वासाची तपासणी आणि दमण्याचे मानही पाहतात.

वयाच्या बाबतीत नस आणि त्यांचे सहकारी अनुभवाने बदलले. पहिल्या मालिकेतली बरीच मुले पाच वर्षांच्या आसपासची होती. पुढे असे दिसले, की फार लहानपणी पट्टी घालून काढली तर वयात येताना, उंची वाढण्याच्या काळात, खळगा परत येऊ शकतो. म्हणून आता बहुधा बारा ते चौदा वर्षांचा सुमार पसंत करतात. छाती अजून लवचिक असते आणि पट्टी आत असतानाच वाढीचा मोठा काळ पार पडतो. मोठ्या माणसांवरही ती करतात, पण तेव्हा छाती ताठ झालेली असते आणि त्रास अधिक होतो. तेव्हा तुमच्या सहा वर्षांच्या मुलाच्या छातीला खळगा असेल तर घाई नको. वर्षातून एकदा दाखवत राहा, एवढे पुरे. पण मूल अकरा-बारा वर्षांचे झाले की ‘बघू पुढे’ असेही म्हणू नका.

ज्यांचा खळगा उथळ आणि छाती मऊ आहे, त्यांच्यासाठी शस्त्राविना एक उपाय आहे. तो एका जर्मन अभियंत्याने शोधला. त्याच्या स्वतःच्या छातीला खळगा होता. उपाय म्हणजे रबरी कडांची एक वाटी. ती छातीवर ठेवून पंपाने आतली हवा काढायची, म्हणजे छाती वर ओढली जाते. पूर्वी आपल्याकडे पोटावर तुंबडी लावत, तिची आठवण व्हावी असे हे साधन. रोज काही तास, महिनोन्महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लावावी लागते. चिकाटीच्या मुलांना गुण येतो, सगळ्यांना नाही. तीही डॉक्टरांना विचारूनच लावावी.

एका गोष्टीवर मला आज विशेष भर द्यायचा आहे. २००८ साली अमेरिकेतल्या अनेक रुग्णालयांनी मिळून केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर मुलांना आणि त्यांच्या पालकांना प्रश्न विचारले होते. शस्त्रक्रियेनंतर मुलांची स्वतःच्या शरीराविषयीची लाज पुष्कळ कमी झाली, आपण धावू-खेळू शकतो हा विश्वास वाढला, हे तर दिसलेच. पण त्याहून महत्त्वाचे असे दिसले, की शस्त्रक्रियेपूर्वी मुलाच्या मनाला होणारा त्रास आणि स्कॅनवर मोजलेली खळग्याची खोली यांचा मेळ नव्हता. म्हणजे फार खोल खळग्याचे एखादे मूल मजेत असते, आणि उथळ खळग्याचे दुसरे मूल आतल्या आत झुरत असते. स्कॅनवर छाती मोजता येते, मन मोजता येत नाही. ते मुलालाच विचारावे लागते.

आणि येथे आपण आया चुकतो असे मी पाहते, दोन्ही बाजूंनी. काहीजणी म्हणतात, ‘पुरुषासारखा पुरुष, त्याला कसली लाज!’ आणि विषय मिटवतात. काहीजणींना खळगा डोळ्यांत इतका खुपतो, की मुलगा ‘मला काही होत नाही, मला नको’ म्हणत असतानाही त्या शस्त्रवैद्यांची नावे विचारत फिरतात. एक बाई आपल्या मुलाला घेऊन आल्या. तो चांगला धावणारा, तालुक्याला बक्षीस मिळवलेला, तपासण्या सगळ्या उत्तम. त्याला स्वतःला काही नको होते. मी त्या बाईंना म्हटले, ‘हे दुखणे त्याचे नाही, तुमचे आहे.’ त्यांना थोडा राग आला, पण नंतर पटले. तो मुलगा आजही धावतो आहे. उलट मुंजीला बसायला नको म्हणणारा तो दुसरा मुलगा. त्याचा खळगा मापाने तीव्र ठरला, जिने चढताना तो दमतही होता. त्याला शेजारी बसवून शस्त्रवैद्यांनी सगळे समजावले, दुखेल हेही सांगितले. त्याने विचार करायला महिनाभर मागितला आणि मग स्वतः होकार दिला. दुखणेही त्याने धीराने सोसले, कारण ते त्याने स्वतः पत्करले होते.

भगिनींनो, मला सांगायचे आहे ते थोडक्यात असे. मुलाच्या छातीला खळगा असेल तर तो लपवू नका आणि त्याचा बाऊही करू नका. लहानपणी डॉक्टरांना एकदा दाखवा, मग वर्षातून एकदा. बाराव्या वर्षाच्या सुमारास नीट तपासणी करून घ्या. मूल दमते का, पाठ वाकवून चालते का, उघडे होणे टाळते का, याकडे लक्ष असू द्या. बहीणभावंडांना, काका-मामांना चिडवू देऊ नका. इलाज करायचा असेल तर अनुभवी हातांत करा, नको असेल तर निश्चिंत राहा. आणि काहीही ठरवण्यापूर्वी, दार लोटून घेऊन, मुलाला किंवा मुलीला एकदा विचारा, ‘तुला काय वाटते?’ उत्तर पटकन येणार नाही. दोन-चार दिवस थांबा, ते येईल.

माझे बोलणे जरा लांबले.  कोणाला काही विचारायचे असेल तर फराळ होईपर्यंत मी इथेच आहे. मोठ्याने विचारा, म्हणजे उत्तर सगळ्यांच्याच कामी येईल.